नळदुर्ग : पाण्यातला महाल आणि त्याचे धनी

२१ मे १८५३ ला हैदराबादचा निजाम नासिरुद्दौला याने एका तहावर सही केली. ती खुशीची सही नव्हती. ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची एक फौज त्याच्या गळ्यात पडली होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, आणि वर्षाचा जवळपास चाळीस लाखांचा खर्च मात्र निजामाच्या खजिन्यातून. खजिन्यात खडखडाट झाला, थकबाकी चढत गेली आणि कंपनीने वसुलीचा मार्ग काढला : वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि पश्चिम सीमेवरचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख आमच्या ताब्यात द्या, त्याच्या महसुलातून आम्ही आमचं भागवू. कर्जापोटी जमीन लिहून घेणारा सावकार आपल्या मराठवाड्यातल्या प्रत्येक गावाने पाहिलेला आहे. इथे जिल्हेच्या जिल्हे गहाण पडले. तहाची शाई वाळते न वाळते तोच दिवाण सिराजुल्मुल्क वारला आणि दिवाणगिरीची वस्त्रं त्याच्या चोवीस वर्षांच्या पुतण्याला मिळाली. तो पहिला सालारजंग.

गहाण मुलखाचा कारभार पाहायला माणूस हवा होता. नळदुर्गाला आला कॅप्टन फिलिप मेडोज टेलर. वय पंचेचाळीस, बायको वारलेली, मुली सातासमुद्रापार. नळदुर्गाच्या तटाच्या आत तो चार वर्षं राहिला.

इंग्लंडात गावोगावच्या उमरावांचे मोठमोठे वाडे आहेत आणि त्या एकेका वाड्याचा छापलेला इतिहास आहे. त्या इतिहासाचा साचा साधारण ठरलेला असतो. कुणा पूर्वजाने राजाची मर्जी मिळवून जमीन घेतली, मुलाने वाडा बांधला, नातवाने बाग आणि तळं केलं, पणतूने जुगारात अर्धं घालवलं. पण भिंतीवरची तसबीर त्याच घराण्याची राहिली. मालक तो राहणारा, आणि राहणारा तो मालक. नळदुर्गाचा इतिहास या साच्यात बसवायला गेलं की काहीतरी वेगळंच हाती लागतं. इथे ज्यांच्या नावावर किल्ला होता ते क्वचितच राहिले आणि जे राहिले त्यांच्या नावावर तो कधीच नव्हता. कल्याणी, बीदर, विजापूर, दिल्ली, हैदराबाद, लंडन : मालक नेहमी दूरच्या शहरात. घर मात्र चाकरांनी बांधलं, चाकरांनी राखलं, आणि त्याच्यावर जीव टाकला तोही चाकरांनीच. म्हणून या किल्ल्याच्या धन्यांची यादी करताना राजांपेक्षा या माणसांकडे बघणं मला जास्त खरं वाटतं.

सोलापुरातून हैदराबाद रस्त्याला लागलं की पाऊण-एक तासात नळदुर्ग येतं. गावातून किल्ल्याकडे जाताना तो उंच कुठे दिसत नाही, कारण तो डोंगरावर नाही. पठाराचाच एक तुकडा पुढे सरकून बोरी नदीच्या दरीत घुसलेला आहे. नदी त्याला वळसा घालून जाते. काळ्या पाषाणाचे कडे सरळ खाली नदीपात्रात उतरतात. कुठेकुठे खडकाचे उभे खांब एकाला एक चिकटून रचल्यासारखे दिसतात. पश्चिमेला एवढीच एक मान पठाराला जोडलेली, तिथे खडकात खोदलेला रुंद खंदक, त्याच्यामागे दुहेरी तट. सगळ्या तटाचा घेर तीन किलोमीटरच्या आसपास आणि बुरूज ११४ सांगतात. त्यात नव बुरूज पाकळ्या-पाकळ्यांचा. उपळी बुरूज तर तटाच्या आत, किल्ल्याच्या सगळ्यात उंच जागी बांधलेला, पायऱ्या चढून वर गेलं की लांबलचक तोफा पडलेल्या आणि चहूकडे मैलोन्‌मैल उघडा मुलूख. नदीपलीकडे रणमंडळ नावाचा छोटा जोडकिल्ला. या दोन किल्ल्यांना जोडणारा बंधारा हाच नळदुर्गाचा जीव.

गावातले लोक नळराजा आणि दमयंतीची कथा सांगतात. नळाने वसवला म्हणून नळदुर्ग. कागदाने एवढंच कळतं की मुसलमानी सत्ता येण्याआधी इथे कुणी स्थानिक राजा होता, बहुधा कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिक. बहमनींनी मातीच्या तटाच्या जागी दगडी तट घातला असं मानतात. त्यांचं राज्य फुटलं तेव्हा नळदुर्ग विजापूरच्या आदिलशहांकडे आला, आणि इथून पुढे दोनशे वर्षं त्याला उसंत नाही. कारण पलीकडे अहमदनगरची निजामशाही, पूर्वेला गोवळकोंड्याची कुतुबशाही. सोलापूर, परांडा, नळदुर्ग ही सीमेवरची घरं. सोलापूरचा किल्ला कुणाचा, यावर विजापूर आणि नगर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. शेवटी तो चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून आदिलशहाकडे गेला, तरी भांडण मिटलं नाही.

चांदबिबीचा नवरा पहिला अली आदिलशहा १५८० मध्ये मारला गेला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम, कारभारावर चांदबिबी, आणि विजापुरातले सरदार एकमेकांच्या जिवावर उठलेले. ही संधी साधून नगर आणि गोवळकोंड्याच्या फौजा एकत्र होऊन नळदुर्गावर आल्या. गोवळकोंड्याचा तरुण सुलतान मुहम्मद कुली, पुढे ज्याने हैदराबाद शहर वसवलं, तो स्वतः या वेढ्यात होता. त्यांनी तोफा डागल्या, तटाला भगदाडं पाडली, पण किल्ला पडला नाही. टेलर इथे आला तेव्हा, जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी, दक्षिणेकडच्या तटावर तोफगोळ्यांच्या खुणा आणि नंतर बुजवलेली भगदाडं त्याला स्पष्ट ओळखू आली. त्याने ती नीट नोंदवली. पडझड आणि डागडुजी एकाच भिंतीत वाचता येणं ही जुन्या घराची खरी वंशावळ, तसबिरींपेक्षा जास्त भरवशाची.

तो नऊ वर्षांचा इब्राहिम मोठा झाला आणि विजापूरचा सगळ्यात रसिक सुलतान ठरला. गाण्यात बुडालेला, सरस्वतीला वंदन करणारा, ‘किताब-ए-नवरस’ लिहिणारा हा दुसरा इब्राहिम आदिलशहा. त्याच्या काळात, १६१३ मध्ये, नळदुर्गाचा पाणीमहाल पुरा झाला. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन. फार्सी शिलालेखात म्हटलं आहे ते असं की हा महाल बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. शिलालेखांत बढाई असतेच. इथे मात्र ती जागेवर उभं राहून तपासता येते.

बंधारा नव्वदेक फूट उंच. तो बोरीला आडवा बांधला, वरच्या अंगाला पाणी तुंबलं, किल्ल्याला बारमाही साठा मिळाला. एवढं कुठल्याही शहाण्या किल्लेदाराने केलं असतं. मीर इमादीनने बंधाऱ्याच्या पोटात खोल्या केल्या. बंधाऱ्याच्या माथ्यावरून अरुंद जिना आत उतरतो. उतरताना आधी गारवा लागतो, मग दगडाचा ओलसर वास येतो, मग कमानींचा छोटा दिवाणखाना आणि खालच्या अंगाला उघडणाऱ्या खिडक्या. पावसाळ्यात तलाव भरला की पाणी बंधाऱ्यावरून दोन जागी पडतं. एकाला लोक नर म्हणतात, एकाला मादी. तुम्ही त्या धारांच्या मागे, त्यांच्या आत बसलेले असता. समोर पाण्याचा पडदा कोसळतो आहे, पाठीमागे साठवलेल्या पाण्याची भिंत आहे, आणि मधल्या दिवाणखान्यात पाण्याचा थेंब नाही. चारशे वर्षं झाली तरी नाही. चुन्याची जोडाई, दगडांची बसणी आणि पाण्याला सोडलेल्या वाटा यांचा हिशेब ज्याने केला तो माणूस स्थापत्यातला मोठा कवी होता असं मी बिनदिक्कत म्हणेन. युरोपातल्या धनाढ्यांनी आपल्या वाड्यांच्या बागांत कारंजी आणि कृत्रिम धबधबे केले, त्यासाठी नद्या वळवल्या. मराठवाड्याच्या या कोरड्या टापूत एका चाकराने नदी अडवली, तिला साठवलं, शत्रूपासून राखलं आणि वर तिच्या पोटात बसून तिचा आवाज ऐकायची सोय केली. गरज आणि चैन यांचं असं लग्न मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

टेलरने या बंधाऱ्याचं श्रेय पहिल्या अली आदिलशहाला दिलं आणि साल १५५८ लिहिलं. अलीने किल्ल्याची तटबंदी वाढवली हे मानायला हरकत नाही, पण पाणीमहालाचा शिलालेख इब्राहिमाचं नाव घेतो. टेलरची ही समजूत पुढे सरकारी गॅझेटियरात उतरली आणि गॅझेटियरातून पुस्तका-पुस्तकांत गेली. आजही काही ठिकाणी बंधाऱ्याचं साल १५५८ छापलेलं सापडतं. त्याच्या शब्दाला एवढं वजन होतं, कारण नळदुर्गाचं सविस्तर वर्णन इंग्रजीत करून ठेवणारा तोच. ज्याने लिहिलं त्याचं चाललं.

१६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि नळदुर्ग मोगलांचा झाला. मोगलांकडून तो हैदराबादच्या आसफजाहींकडे आला. या दीडशे वर्षांत सीमा सरकली, वेढे थांबले, किल्ला हळूहळू वस्तीचं ठाणं झाला. आत एक रुंद रस्ता आणि दोन्ही अंगांना घरं होती. टेलर आला तोवर त्यांतल्या बहुतेकांच्या नुसत्या भिंती राहिल्या होत्या. तट मात्र धड होता.

आता या टेलरविषयी जरा सविस्तर सांगायला हवं. साहेब म्हटला की मागे कुठेतरी हिरवळीतला वाडा असणार असं आपण धरून चालतो. टेलरच्या मागे काही नव्हतं. २५ सप्टेंबर १८०८ ला लिव्हरपूलमध्ये जन्म. बाप व्यापारी, धंद्यात बसला, मग डब्लिनला एका दारूभट्टीची व्यवस्था पाहू लागला. पंधरा वर्षांच्या पोराला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवलं, पुढे भागीदारी मिळेल या बोलीवर. मुंबईत उतरल्यावर कळलं की ती पेढीच बुडीत चालली आहे. आईकडच्या एका नातलगाने खटपट करून १८२४ मध्ये त्याला निजामाच्या लष्करात लावून दिलं. म्हणजे हा कंपनीचा नोकर नव्हे, निजामाचा. हा फरक त्याला जन्मभर नडला. कंपनीच्या मुलकी सेवेतले पोरसवदा अधिकारी त्याच्या डोक्यावर येऊन बसत आणि त्याला पायरी दाखवत.

विशीतच तो पोलिसाच्या कामावर तुळजापूर-धाराशिवच्या बाजूला फिरला. वाटमाऱ्यांचे आणि गळा आवळून मारलेल्या प्रवाशांचे माग त्याला लागू लागले होते, तेवढ्यात बदली झाली. ठगांच्या टोळ्या उघडकीला आणल्याची कीर्ती स्लीमन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या वाट्याला गेली. टेलरने त्याचं उट्टं लेखणीने काढलं. ठगाच्या तोंडून सांगितलेली त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ मध्ये लंडनला निघाली आणि गाजली. नुकतीच गादीवर आलेली व्हिक्टोरिया राणी तिची छापखान्यातली पानं मागवून वाचत होती. पुढे बरीच वर्षं तो लंडनच्या ‘टाइम्स’ला हिंदुस्थानातून बातमीपत्रंही पाठवत असे.

त्याची बायको मेरी पामर. हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची ती मुलगी. हा विल्यम म्हणजे पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा आणि फैज बक्ष बेगमचा मुलगा. निजामाला कर्जाच्या दलदलीत लोटणाऱ्यांत पामर पेढीचं नाव पहिलं. सासऱ्याच्या पिढीने ज्या दरबाराला कर्जात अडकवलं त्याच दरबाराच्या कर्जापोटी आलेला जिल्हा जावई सांभाळत होता. मेरी मात्र हे बघायला नव्हती. ती १८४४ मध्ये गेली. टेलरने पुन्हा लग्न केलं नाही.

नळदुर्गाआधी बारा वर्षं तो शोरापूरला होता, आज कर्नाटकात असलेल्या सुरपूरला. तिथला राजा व्यंकटप्पा नायक लहान होता आणि संस्थानाचा कारभार टेलरकडे. पोरगा त्याला ‘अप्पा’ म्हणत असे. सुरपूरच्या टेकडीवर टेलरने आपल्यासाठी एक घर बांधलं. ‘टेलर मंझिल’ या नावाने ते अजून उभं आहे आणि सरकारी विश्रामगृह म्हणून वापरात आहे. इंग्रजी वाड्याला जवळ जाणारं असं काही त्याच्या हातून घडलं असेल तर ते हेच. तेही त्याच्या मालकीचं नव्हतं. राजा १८५३ मध्ये वयात आला, टेलरने कारभार त्याच्या हाती दिला आणि बाडबिस्तरा बांधून नळदुर्गाचा रस्ता धरला.

नळदुर्गात त्याच्यापुढे काम होतं ते महसुलाचं. निजामी अमलात तालुके मक्त्याने दिले जात. मक्तेदार अरब आणि रोहिले शिपाई लावून वसुली करी आणि रयतेला सोलून काढी. कोणाची किती जमीन, कशी पिकते, किती धारा बसायला हवा याचा धड कागद नव्हता. टेलरने मोजणी हाती घेतली, स्वतःच माणसं तयार केली, पाटील-कुळकर्ण्यांना बसवून गावोगावची दप्तरं लावून घेतली. त्याला मराठी बोलता येत होतं ही गोष्ट इथे लाखमोलाची ठरली. तक्रार सांगायला आलेल्या कुणब्याला मध्ये दुभाषा लागत नव्हता. रस्ते आखले, रस्त्यांच्या कडेने झाडं लावली, तलावांच्या दुरुस्त्या पाहिल्या. दौऱ्यावर असला की तंबूत आणि परतला की किल्ल्यात.

या किल्ल्यावर त्याचा जीव जडला हे त्याच्या आत्मचरित्रात पानोपानी दिसतं. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे पुस्तक त्याच्या मरणानंतर, १८७७ मध्ये निघालं. त्यातली नळदुर्गाची पानं एखाद्या घरमालकाने आपलं घर पाहुण्याला फिरून दाखवावं तशी आहेत. कडा किती खोल, खडकाची ठेवण कशी, कुठला बुरूज घडीव दगडाचा, कुठे तटाला जंग्या, पश्चिमेचा खंदक खडकातून कसा कोरला, बंधाऱ्यावरून पाणी कसं सुटतं : सगळं एका निवांत डोळ्याने पाहिलेलं. चित्रं काढायचा त्याला नाद होता, तोच डोळा लिहिण्यातही आहे. ज्या माणसाला वडिलार्जित एक खोलीही नव्हती त्याला आदिलशहांचा किल्ला राहायला मिळाला, आणि तो त्यात भाडेकरूसारखा नाही राहिला, वारसासारखा राहिला.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. तो भला होता, कष्टाळू होता, माणसांत मिसळणारा होता; पण ज्या सत्तेचा तो इथे हात होता तिने हा जिल्हा फौजेच्या पगाराच्या नावाखाली उचलला होता. त्याने बसवलेल्या नीटनेटक्या महसुलातून पहिला वाटा त्या फौजेला जात होता. त्याने रयतेवरचा मक्तेदार उठवला ही कमाई खरी. रयतेचा पैसा परक्या फौजेवर जात राहिला हेही खरं. टेलरच्या लिखाणात पहिल्याविषयी अभिमान आहे, दुसऱ्याविषयी प्रश्न नाही. त्याच्या काळातल्या चांगल्या साहेबाची नजर तिथपर्यंतच पोचत असे.

१८५७ च्या पावसाळ्यात उत्तर पेटलेली असताना हैदराबादचा रेसिडेंट डेव्हिडसन याचा हुकूम आला : ताबडतोब वऱ्हाडात बुलढाण्याला जा, द्यायला माझ्याकडे फौज नाही, जमेल तसा जिल्हा धरून ठेव. टेलर निघाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे गावोगाव लोक मशाली घेऊन वेशीपर्यंत आले आणि ‘महादेवबाबा की जय’ असा पुकारा करत त्याला पुढच्या गावापर्यंत पोचवलं. ‘मेडोज’ हे नाव जिभेवर येईना, म्हणून लोकांनी त्याला महादेव करून टाकलं होतं. हे तो स्वतः सांगतो आहे, तेव्हा थोडं मीठ घालून घ्यायला हवं. पण त्या वर्षी देशभर साहेबांच्या बंगल्यांना आगी लागत होत्या आणि हा माणूस पहाऱ्याशिवाय जिल्ह्यातून निघून जाऊ शकला, एवढं तरी त्यातून उरतंच.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८५८ मध्ये, शोरापूरचा व्यंकटप्पा नायक इंग्रजांवर उठला. फसला, हैदराबादेत पकडला गेला. टेलर कैदखान्यात त्याला भेटायला गेला. ‘अप्पा’ म्हणत तो पोरगा गळ्यात पडला. फाशी टळली, चार वर्षांची कैद ठरली आणि मद्रासेकडे नेत असताना पहिल्याच मुक्कामाला पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने तो मेला. त्याची कुंडली मांडणाऱ्यांनी चोविसावं वर्ष घातक म्हणून फार आधी सांगून ठेवलं होतं, आणि हे भाकीत टेलरला ठाऊक होतं. आत्मचरित्रातली ही पानं वाचताना लक्षात येतं की या माणसाला दोन घरं मिळाली, शोरापूर आणि नळदुर्ग, आणि दोन्ही त्याने सरकारी हुकमावर सोडली. पहिल्या घरातला मुलगाही सरकारच्याच हाताखाली संपला.

१८६० मध्ये खालावलेल्या प्रकृतीने तो हिंदुस्थान सोडून गेला आणि डब्लिनजवळ हॅरल्ड्स क्रॉसला मुलींबरोबर राहू लागला. तिथे बसून त्याने जे लिहिलं त्यात आपला मुलूख भरलेला आहे. १८६३ ची ‘तारा’ तुळजापूरच्या एका शास्त्र्याच्या मुलीची कथा; शिवाजी महाराज आणि अफजलखान यांच्या प्रसंगाभोवती ती विणलेली आहे. १८७२ ची ‘सीता’ सत्तावन्नच्या बंडातली, एका इंग्रज अधिकाऱ्याने हिंदू विधवेशी केलेल्या लग्नाची. पामरांच्या घरचा जावईच ही गोष्ट इतक्या आपलेपणाने लिहू शकत होता. आणि शेवटची ‘अ नोबल क्वीन’, चांदबिबीवरची, जिच्यात नळदुर्गाचा किल्ला, बोरीची दरी आणि बंधारा कथेत उभे राहतात. ती छापलेली पाहायला तो उरला नाही. नजर जवळपास गेलेली असताना, सालारजंगाच्या आमंत्रणावरून १८७५ मध्ये तो पुन्हा हैदराबादेला आला आणि परतीच्या वाटेवर १३ मे १८७६ ला फ्रान्समध्ये मेंतों इथे वारला.

टेलर हिंदुस्थान सोडून गेला त्याच वर्षी, १८६० च्या डिसेंबरात, नळदुर्ग आणि रायचूर निजामाला परत मिळाले. सत्तावन्नमध्ये हैदराबाद शांत राहिल्याची ती बक्षिसी होती. सोबत पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं आणि खालसा झालेलं शोरापूरही निजामाला देऊन टाकलं. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडला नाही. गहाणातून सुटलेला नळदुर्ग काही वर्षं जिल्ह्याचं ठाणं राहिला. किल्ल्यातल्या एका इमारतीला लोक अजून ‘मुन्सिफ कोर्ट’ म्हणतात. मग रेल्वे सोलापुरातून अक्कलकोटच्या अंगाने पुढे गेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचं ठाणं धाराशिवला हललं, त्याला उस्मानाबाद नाव मिळालं आणि नळदुर्ग तुळजापूर तालुक्यातलं एक गाव होऊन बसलं.

या गावात एक धनी मात्र असा आहे की ज्याच्या मालकीवर कोणी हरकत घेतली नाही. नळदुर्ग आणि शेजारचं अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातले दहाएक महिने अणदुरात आणि दोनएक महिने नळदुर्गात मैलारपूरला असते. देव न्यायचा-आणायचा त्या वेळी दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर करार होतो. राजांनी या टापूत सीमेसाठी दोनशे वर्षं रक्त सांडलं. इथल्या माणसांनी एक देव दोन घरांत नांदवायची रीत कागदावर घालून दिली आणि पाळली.

किल्ल्याने शेवटची लढाई पाहिली ती १३ सप्टेंबर १९४८ ला. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखालची मुख्य भारतीय फौज सोलापूरहून हैदराबादच्या रोखाने निघाली आणि निजामाच्या फौजेशी तिची पहिली गाठ नळदुर्गालाच पडली. आत पहिली हैदराबाद इन्फंट्री. बोरीवरचा पूल उडवला गेला असता तर रणगाडे अडकले असते. पण भारतीय फौजेने अंधारातच झडप घालून पूल जसाच्या तसा हाती घेतला, दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गावर चढाई केली, सकाळी नऊपर्यंत चिलखती तुकडी जळकोटला आणि दुपारी उमरग्याला पोचली. चार दिवसांनी हैदराबाद शरण आलं. शंभर वर्षांपूर्वी कर्जाच्या कागदावर हललेला किल्ला या खेपेला एका सकाळीत, कायमचा, आपल्या माणसांकडे आला.

आज तो राज्य संरक्षित स्मारक आहे. काही वर्षांपूर्वी शासनाच्या संगोपन योजनेतून तो देखभालीला दिला गेला, तेव्हा आतली झाडी साफ झाली, बागा झाल्या, तलावात होड्या आल्या. वरच्या अंगाला बोरीचं नवं धरण झालं आहे; ते भरून वाहू लागलं तरच नर-मादी सुरू होतात आणि मग सोलापूर, लातूर, कलबुर्गीकडून माणसांचा लोंढा लागतो. एरवी तिथे निवांतपणा असतो, आणि पाणीमहालात उतरायचं तर मी तोच काळ निवडेन. एक मागणी मात्र करावीशी वाटते. प्रवेशद्वारापाशी मीर इमादीनच्या शिलालेखाचा मराठी अर्थ मोठ्या अक्षरांत लावा, साल १६१३ लिहा. बाजूला टेलरच्या नळदुर्ग-वर्णनाची पाच-सात पानं चांगल्या मराठीत छापून, दहा रुपयांना का होईना, विकायला ठेवा. तटावरच्या कुठल्या भगदाडाबद्दल तो बोलतो आहे हे बघणाऱ्याला हातात कागद धरून शोधता आलं पाहिजे.